असा उजेड पाडा

ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आलात आणि अजून कंपनीने दिलेल्याच हेडलाईटवर गाडी चालवताय? मग कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत तुम्हाला कुत्रं ओळखत नसणार. मेट्रोच्या खांबांमधून खड्डे चुकवत घरी निघालेला आणखी एक दमलेला माणूस, एवढीच तुमची किंमत. ती वाढवायची असेल तर पुढचं नीट वाचा.

रात्री रस्ता दिसेनासा झाला की गाडीच्या तोंडाकडे ढुंकूनही पाहू नका. सात वर्षं वाघबीळच्या उन्हात उघड्यावर उभी राहून हेडलाईटची काच (काच कसली, पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिकच ते) पिवळी पडली आहे, हे खरं. ती घासून पॉलिश करून घेतली तर निम्मं दुखणं जाईल, हेही खरं. पण त्यात सांगण्यासारखं काय आहे? ‘काल हेडलाईट घासून घेतले’ असं लिफ्टमध्ये कोणी कोणाला सांगतं का? ‘एलईडी टाकले’ हे कसं, तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरतं.

दुकानात जायचं ते दुपारी. दुकानदार बल्ब हातात धरून दोन हातांवरच्या भिंतीवर उजेड पाडून दाखवेल. तुमचे डोळे दिपले, की वस्तू चांगली. रात्री, रस्त्यावर, पन्नास पावलांवरचा स्पीडब्रेकर दिसतो का, असले प्रश्न विचारू नका, गरीब वाटाल. खोक्यावरचा आकडा मात्र बघा. ६००० केल्विन, ८००० केल्विन. केल्विन हे उजेड किती याचं माप नाही, त्याचा रंग कसा याचं माप आहे. साधा हॅलोजन ३२०० च्या आसपास, पिवळसर, ६००० पांढराफेक, ८००० ला निळी झाक. पण ८००० हे ३२०० पेक्षा मोठे असतात एवढं गणित आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे, तेवढं पुरे. शिवाय निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांना जास्त बोचतो, तो फायदा वेगळाच. जुलैत गायमुखच्या घाटात तुमच्यापुढे पावसाच्या धारांचा असा पांढराशुभ्र पडदा उभा राहील, की नाटक सुरू व्हायची वाट बघत बसावं. रस्ता पडद्यामागे असतो.

आता थोडं तांत्रिक, कारण सोसायटीत कोणीतरी शहाणा विचारतोच. जुन्या एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात, एक लांबवरच्या उजेडाची (अप्पर), एक जवळच्या, खाली पडणाऱ्या उजेडाची (डिपर). डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर जातो. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून उजेडाची कड डावीकडे जरा उचललेली असते. कडेचा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत म्हणून. रिफ्लेक्टरची सगळी वळणं त्या एवढ्याशा तारेच्या जागेवर बेतलेली असतात. आता त्याच खोबणीत एलईडीची कांडी बसवा. उजेडाची जागा हलली, आकार बदलला, आणि रिफ्लेक्टर बिचारा मिळेल तो उजेड मिळेल तिकडे फेकत सुटला. झाडांचे शेंडे उजळतात. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे मोजता येतात. समोरचा रिक्षावाला तुमच्या मातोश्रींची आठवण काढतो. ह्याला म्हणतात प्लग अँड प्ले.

एलईडीवर विश्वास नसेल तर १००/९० वॅटचे (अप्पर शंभर, डिपर नव्वद) हॅलोजन घ्या. मूळचा बल्ब ६०/५५ चा. बारा व्होल्टवर साठ वॅटला पाच अँपिअर लागतात, शंभरला आठाच्या वर. वायर तीच, होल्डर तोच. मधे रिले (जादा करंट झेलणारा वेगळा स्विच) आणि जाड वायरिंग टाकावं लागतं म्हणतात, पण तो भित्र्या लोकांचा खर्च. मी टाकलं नव्हतं. पाटलीपाड्याच्या सिग्नलला प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तेव्हा मी पुढच्या ट्रककडे बघून नाक मुरडलं होतं. होल्डर बल्बला असा चिकटला होता, की दोघांना वेगळं करायला इलेक्ट्रिशियनने पक्कड घेतली.

बल्ब एकच गेला असेल तर एकच बदला. एक पिवळा, एक पांढरा. गाडीचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यासारखं दिसतं, लोक आपुलकीने बघतात. बसवतानाही स्वतःच बसवा, आणि आधी तलावपाळीकडे जाऊन मामलेदारची मिसळ खाऊन या. तर्रीचा हात हॅलोजनच्या काचेला लागला, की तेल लागलं तेवढीच काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. दुकानदारालाही मुलंबाळं आहेत.

स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला शून्य ते तीन आकड्यांचं एक चाक असतं. त्याला हात लावू नका. गणपतीला गावी निघताना मागे तीन माणसं, डिकीत तांदूळ, मखर, आत्याने मागवलेला मिक्सर असं सगळं भरलं, की गाडी मागून बसते आणि नाक वर करते. अशा वेळी ते चाक फिरवून उजेड खाली आणायचा असतो. पण मग समोरून येणाऱ्याला कळणार कसं, की आपण सहकुटुंब निघालोय?

कायद्याची काळजी नको. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम आहे. मला तो फार आवडतो, कारण त्यात एक माणूस उभा केलेला आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत, एवढंच सरकारचं म्हणणं. त्याला नाव नाही, गाव नाही. इतकी वर्षं तो बिचारा रस्त्यात उभा आहे आणि आपण रोज रात्री त्याच्या तोंडावर अप्पर मारून जातो. तो कधी तक्रार करत नाही. कागदावरचाच माणूस तो, त्याला कसले डोळे?

एकच खबरदारी घ्या. असे दिवे लावलेली गाडी घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका. परवा आमच्या चिरंजीवांनी नेली होती. रात्री साडेदहाला मी दुधाची पिशवी घेऊन गेटातून आत येत होतो. वळणावरून गाडी आली आणि जग पांढरं झालं. मी एका हाताने डोळे झाकले, दुसऱ्या हाताने पिशवी सांभाळायला गेलो, ती गेलीच, आणि तोंडातून जे निघालं ते वॉचमनने ऐकलं. गाडी थांबली. आतून आवाज आला, “बाबा, तुम्ही होय? दिसलाच नाहीत.”

माझी उंची पाच फूट चार इंच. डोळे साधारण दीड मीटरवर येतात. गाडी थांबली ते अंतर मी दुसऱ्या दिवशी पावलांनी मोजलं. आठ मीटरच्या आतबाहेर भरलं.

तेव्हा दूध सकाळीच आणून ठेवत जा.