‘ओरिजिनल ते ओरिजिनलच’ : एका फॉरवर्डचा हिशेब

एक मजकूर बरीच वर्षं फिरतोय. शब्द इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच राहतो: “कव्हर व्हर्जन म्हणजे झेरॉक्स. मूळ गायकानं गाण्यात जीव ओतलेला असतो, मागाहून येणारा नुसता गिरवतो. पटत नसेल तर दोन्ही लागोपाठ ऐका, कानच सांगतील. आणि हे कव्हरवाले दुसऱ्याच्या जिवावर फुकट कमावतात. ओरिजिनल ते ओरिजिनलच!” खाली टाळ्यांची रांग. (कव्हर म्हणजे एकानं गायलेलं गाणं दुसऱ्यानं पुन्हा रेकॉर्ड करणं.)

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, तो शेवटी घेतो. बाकीचे एकेक करून बघू. पण ज्या शब्दावर सगळा डोलारा उभा आहे त्याचाच निकाल आधी लावायला हवा.

‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचं?

‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ हे गाणं नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी १९६६च्या सुमारास मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी रचलं. पहिल्यांदा ते रेकॉर्ड केलं स्मोकी रॉबिन्सन आणि द मिरॅकल्स यांनी. कंपनीनं ते बाजूला ठेवलं. मग १९६७च्या सुरुवातीला मार्विन गेनं ते गायलं, तेही पडून राहिलं. त्यानंतर ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांनी ते उसळत्या ठेक्यावर घेतलं, आणि सप्टेंबर १९६७मध्ये बाजारात आलं ते हे तिसरं रेकॉर्डिंग. मार्विन गेचं पुढच्या वर्षी एका अल्बममधून बाहेर पडलं, रेडिओवाल्यांनी उचलून धरलं, तेव्हा कुठे कंपनीनं त्याची सिंगल, म्हणजे सुटी तबकडी, काढली. ती अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. आज हे गाणं म्हटलं की बहुतेकांना मार्विन गेच आठवतो.

आता यातलं मूळ कोणतं? आधी रेकॉर्ड झालेलं, आधी विकलं गेलेलं, की आधी आपल्या कानावर पडलेलं?

‘नथिंग कम्पेअर्स टू यू’चा गुंता आणखी मजेशीर आहे. प्रिन्सनं ते लिहिलं आणि १९८४ साली स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं. पण लोकांसमोर ते आलं १९८५मध्ये, द फॅमिली नावाच्या बँडच्या अल्बममधून. फारसं कुणी ऐकलं नाही. १९९०मध्ये शिनेड ओकॉनरनं ते गायलं आणि जगभर गाजलं. प्रिन्सचं १९८४चं रेकॉर्डिंग प्रसिद्ध झालं २०१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर. म्हणजे तारखांच्या हिशेबानं कवीचं स्वतःचं मूळ रेकॉर्डिंग कव्हरनंतर अठ्ठावीस वर्षांनी आलं. ते ऐकून “छे, शिनेडची सर नाही” म्हणणारे लोक मूळ गाण्याची बाजू घेत होते की कव्हरची, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

माझा सगळा प्रतिवाद एवढाच आहे: फॉरवर्डमधल्या ‘ओरिजिनल’चा अर्थ बहुतेक वेळा ‘मी पहिल्यांदा ऐकलेलं’ इतकाच असतो. मी काही वेगळा नाही. ‘टेंटेड लव्ह’ हे सॉफ्ट सेल या जोडीचंच गाणं आहे अशी माझी कित्येक वर्षं पक्की समजूत होती.

“कव्हर म्हणजे झेरॉक्स”

झेरॉक्स असतातही, नाकारत नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये चालू हिट गाण्यांच्या स्वस्तातल्या तबकड्या निघत. निनावी गायक, तीच चाल, तोच वाद्यमेळ, होता होईल तो मूळ आवाजाच्या जवळ जाणारा गळा. नाव व्हायच्या आधी एल्टन जॉननंही अशी गाणी गाऊन पोट भरलं आहे. त्या तबकड्यांबद्दल फॉरवर्ड अगदी बरोबर आहे.

पण लोक ज्या कव्हरवर वाद घालतात ती या जातीची नसतात. ‘रिस्पेक्ट’ ऐका. ओटिस रेडिंगनं ते लिहिलं आणि १९६५मध्ये गायलं. त्यात पुरुष बोलतोय: मी कमावून आणतो, तुला हवं ते देतो, घरी आल्यावर मला मान मिळू दे. अरीथा फ्रँकलिननं फेब्रुवारी १९६७मध्ये ते बाईच्या तोंडी दिलं. कर्त्याची तक्रार होती, ती बाईची मागणी झाली. आणि बदल फक्त बोलणाऱ्याचा नाही. आर-ई-एस-पी-ई-सी-टी ही अक्षरं सुटी करून म्हणणं, ज्याच्यामुळे आज गाणं ओळखलं जातं, ते ओटिसच्या गाण्यात नाहीच. मागून बहिणींचा तो झपाझप येणारा कोरसही नाही. ओटिसच्या रचनेत मधला वेगळा टप्पा नव्हता. अरीथाच्या गाण्यात तो तयार करण्यासाठी सॅम अँड डेव्ह या जोडीच्या एका दुसऱ्याच गाण्याची कॉर्डमाला उचलली आणि तिच्यावर किंग कर्टिसचा सॅक्सोफोन वाजवला. झेरॉक्स मशिनला एवढं काम झेपत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये माँटेरीच्या संगीत महोत्सवात खुद्द ओटिसनं श्रोत्यांना हसत सांगितलं की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून काढून नेलं.

बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ १९६७च्या डिसेंबरात आलं: गिटार, माउथऑर्गन, बास, ड्रम, संपलं. वर्षही उलटलं नव्हतं तोच जिमी हेंड्रिक्सनं त्याच तीन कडव्यांत वादळ भरलं. पुढे डिलन स्वतःच ते हेंड्रिक्सच्या अंगानं वाजवू लागला. मूळवालाच कव्हरचं कव्हर करतोय म्हटल्यावर कोणाची नक्कल कोण करतंय?

(ज्यांनी एकच बंदिश चार घराण्यांच्या गायकांकडून ऐकली आहे त्यांना हा सगळा वाद जरा पोरकट वाटत असेल. तिथे पहिलं कोण गायलं हे विचारण्याचा प्रश्नच येत नाही. बढत कशी केली ते विचारतात.)

“मूळ गायकानं जीव ओतलेला असतो”

ओततो की. पण पहिल्यांदा गाणारा म्हणजे रचणारा नव्हे, आणि पहिला प्रयत्न म्हणजे चांगला प्रयत्नही नव्हे. ‘ट्विस्ट अँड शाउट’ पहिल्यांदा द टॉप नोट्स यांनी १९६१मध्ये रेकॉर्ड केलं, निर्माता होता तरुण फिल स्पेक्टर. सहगीतकार बर्ट बर्न्सला ते इतकं नावडलं की पुढच्या वर्षी आयझली ब्रदर्सकडून त्यानं ते स्वतः करून घेतलं. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ला गायलं ते आयझलींचं ऐकून. त्या एका दिवसात त्यांनी दहा गाणी रेकॉर्ड केली होती, हे सगळ्यात शेवटी ठेवलेलं, कारण सर्दीनं जॉन लेननचा घसा आधीच बसला होता. दुसरा टेक घेऊन पाहिला, पण आवाज उरला नव्हता. तबकडीवर आहे तो पहिला. जीव ओतणं याला नाही म्हणायचं तर कशाला?

‘हर्ट’चं उदाहरण सगळेच देतात, तरी टाळता येत नाही. नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझ्नरनं ते १९९४च्या अल्बमसाठी लिहिलं तेव्हा तो तिशीच्याही आत होता. जॉनी कॅशनं ते २००२मध्ये गायलं, सत्तरीला, थकलेल्या आवाजात. शब्दांत बदल जवळजवळ नाही. ‘काट्यांचा मुकुट’ हे शब्द मात्र कॅशचे, मूळ ओळीत काट्यांच्या जागी शिवी होती. तरुणाच्या तोंडून ते स्वतःला इजा करण्याचं गाणं वाटतं, म्हाताऱ्याच्या तोंडून सगळ्या आयुष्याचा जमाखर्च. रेझ्नरनंच नंतर म्हटलं की गाणं आता माझं राहिलं नाही. माझ्यापुरतं विचाराल तर मला रेझ्नरचं शेवटी फुटणाऱ्या कर्कश आवाजासकट जास्त अस्वस्थ करतं. पण ही माझी आवड झाली, त्यावरून कॅशच्या गाण्यात जीव नाही असं ठरत नाही.

लेनर्ड कोहेनचं ‘हॅलेलुया’ १९८४च्या अल्बममध्ये आहे. तो अल्बम त्याच्या अमेरिकी कंपनीनं काढायलाच नकार दिला होता. जॉन केलनं १९९१मध्ये कोहेनकडून कडव्यांचे कागद मागवले, ढीगभर आले, त्यातली स्वतःला हवी ती निवडली. जेफ बकलीचं १९९४चं प्रसिद्ध गाणं कोहेनवरून नाही, केलवरून बेतलेलं आहे. आणि कोहेन स्वतः मैफलींत कडवी बदलून गात असे.

“लागोपाठ ऐका, कानच सांगतील”

हा मुद्दा वरकरणी सर्वात प्रामाणिक वाटतो, आणि मला सर्वात फसवा वाटतो तो हाच.

कान काय करतात हे तपासलं गेलेलं आहे. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४६ विद्यार्थ्यांना त्यांच्या आवडीची, तोंडपाठ अशी दोन गाणी गायला सांगितलं. कोणतंही वाद्य नाही, सूर दिलेला नाही. दोन गाण्यांपैकी निदान एकात ४० टक्के मुलांनी तबकडीतल्या नेमक्या पट्टीत गाणं धरलं. दोन्ही गाण्यांत पेटीवरच्या दोन पट्ट्यांच्या आत राहिले ४४ टक्के. लयही जवळपास तीच. गाण्याचं शिक्षण नसलेल्या माणसाच्या डोक्यातही गाणं चाल म्हणून नव्हे तर रेकॉर्डिंग म्हणून बसलेलं असतं: ती पट्टी, तो वेग, तो ड्रमचा पहिला ठोका.

आता पुरुषाचं गाणं बाईनं गायलं की पट्टी बदलणारच. लय किंचित उतरली की तेही लगेच खटकतं. हे ‘काहीतरी चुकतंय’ वाटणं म्हणजे दर्जाचा निवाडा नव्हे, आठवणीशी जुळत नसल्याची तक्रार आहे. त्यात भर रॉबर्ट झायन्स यांनी १९६८मध्ये मांडलेल्या गोष्टीची: एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. एकीकडे तीनशे वेळा ऐकलेलं, दुसरीकडे आज पहिल्यांदा. ही तुलना आहे की निकाल आधी लावून घेतलेली सुनावणी?

आणि आवाजाची पातळी! थोडं मोठं वाजणारं रेकॉर्डिंग भरदार, स्वच्छ, ‘चांगलं’ वाटतं. फरक इतका बारीक असतो की आवाज वाढलाय हे लक्षातही येत नाही. नवी रेकॉर्डिंग दाबून मोठी केलेली असतात, तेव्हा हा फायदा कव्हरच्या पारड्यात पडतो. म्हणजे उलट बाजूनंही कान फसतात. खरंच ताडून पाहायचं असेल तर दोन्ही एका पातळीवर आणा, आणि नवं गाणं आठवडाभर मुरू द्या. मग ‘कोणतं चांगलं’ याच्याऐवजी ‘काय बदललं’ हे शोधा: कोण कोणाशी बोलतंय, श्वास कुठे घेतलाय, कोणतं कडवं गाळलं. डॉली पार्टनचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ (१९७४) आणि व्हिटनी ह्यूस्टनचं (१९९२) असं ऐकलं तर दिसतं की डॉली एक कडवं चक्क बोलून दाखवते, निरोप घेताना गळा दाटल्यासारखं, आणि व्हिटनी सुरुवातीला पाऊण मिनिटाच्या आसपास वाद्यांशिवाय गाते. दोघींनी शांततेची जागा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली आहे. त्यात नंबर कसा लावायचा?

“दुसऱ्याच्या जिवावर फुकट कमावतात”

हाच तो अर्धा खरा मुद्दा.

फुकट नाही, हे आधी. अमेरिकेत १९०९च्या कायद्यापासून अशी सोय आहे की गाणं एकदा परवानगीनं ध्वनिमुद्रित झालं की ठरलेला मोबदला भरून कोणीही ते पुन्हा करू शकतो. तेव्हा दर होता प्रतीमागे दोन सेंट. भारतातही २०१२च्या दुरुस्तीनंतर पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबून, दर वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरून कव्हर करता येतं, आणि ते कव्हर आहे असं छापावं लागतं.

पण हा मोबदला कोणाला? शब्द आणि चाल ज्यांची, त्यांना. आधी गाणाऱ्याला नाही. इथे खरा अन्याय झाला, आणि तो वर्णभेदाच्या जोडीनं झाला. १९५०च्या दशकात कृष्णवर्णीय गायकांची गाणी गोऱ्या गायकांकडून धुऊनपुसून गाऊन घेत, कारण गोऱ्यांची रेडिओ स्टेशनं तीच वाजवत. लिटल रिचर्डच्या ‘टुटी फ्रुटी’पेक्षा पॅट बूनचं पॉपच्या यादीत वर गेलं. ते बूनचं गाणं ज्यानं ऐकलंय तो झेरॉक्सवाल्या मुद्द्याला माझ्याआधी हात वर करील. बिग मामा थॉर्न्टननं ‘हाउंड डॉग’ १९५२मध्ये रेकॉर्ड केलं. आयतोबाला कुत्रा म्हणत घराबाहेर काढणाऱ्या बाईचं ते गाणं. १९५६मध्ये एल्व्हिस प्रेस्लीनं गायलं तोवर शब्द बदलून त्यातला कुत्रा खराच कुत्रा झाला होता. थॉर्न्टनचं मला शंभर पटींनी सरस वाटतं. तिला त्याचे पाचशे डॉलर मिळाले, असं ती सांगत असे.

उलटही घडतं. सॉफ्ट सेलचं ‘टेंटेड लव्ह’ १९८१मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत ४३ आठवडे टिकलं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूलाही त्यांनी दुसऱ्यांचंच गाणं ठेवलं, सुप्रीम्सचं. स्वतःचं एखादं टाकलं असतं तर प्रत्येक प्रतीमागे गीतकार म्हणून वाटा मिळाला असता, तो गेला. ‘टेंटेड लव्ह’चे रचनाहक्काचे पैसे एड कॉबचे, कारण ते त्यानं लिहिलं होतं. १९६५मध्ये जिच्या आवाजात ते पहिल्यांदा बाजारात आलं त्या ग्लोरिया जोन्सचं नाव त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात येत नाही.