एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही

आमच्या फ्रिजच्या दाराला हात लावला की बोटांत झिणझिण्या येत, आणि घरातल्या सर्वांनी त्यावर एकच तोडगा काढला होता: चप्पल घालून फ्रिज उघडायचा. कित्येक महिने आम्ही तसेच वागलो. शेवटी बोलावलेल्या वायरमनने बोर्डावरच्या, आपोआप पडून पुरवठा तोडणाऱ्या स्विचकडे बोट दाखवून "एमसीबी आहे की, घाबरता कशाला?" असे म्हटले, तेव्हा मलाही हायसे वाटले होते. घरातल्या विजेबद्दलचा सर्वांत घातक गैरसमज याच वाक्यात दडलेला आहे, असे आता मला वाटते.

भिंतीतल्या तारेतून क्षमतेपेक्षा बराच जास्त प्रवाह वाहू लागला किंवा शॉर्टसर्किट झाले, तर तार तापून आग लागू नये म्हणून एमसीबी पडते. माणूस तिच्या हिशेबातच नसतो. ओल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून सुमारे ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. छताचा पंखासुद्धा साधारण एवढाच प्रवाह घेतो, मग १६ अँपिअरच्या एमसीबीने का पडावे? माणसाला मात्र याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. चार्ल्स डॅलझिएल या अमेरिकी प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातातली तार सोडता येईनाशी कधी होते हे मोजले होते, आणि तो आकडा १० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या भागाएवढा आहे.

माणसासाठी असते ती आरसीसीबी, बोर्डावरच बसणारा दुसरा एक स्विच. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, तेवढाच परत येतो का, हे ती सतत ताडून पाहते, आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली, म्हणजेच तेवढा प्रवाह दुसऱ्याच वाटेने जमिनीत जाऊ लागला, की सेकंदाच्या एका अंशात पुरवठा तोडते. तिलाही मर्यादा आहे: एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्या माणसात आणि दिव्यात तिला फरक कळत नाही. तिच्यावर चाचणीचे बटण असते, ते अधूनमधून दाबून पाहावे लागते. किती घरांत ते बसवल्यापासून एकदाही दाबलेले नसेल, कोण जाणे.

फ्रिजकडे परत येतो. दुसऱ्या वायरमनने सॉकेट उघडले, तेव्हा तिसऱ्या, मोठ्या छिद्रामागे तारच जोडलेली नव्हती. थ्री पिन प्लगची ती पिन मुद्दाम लांब केलेली असते, कारण प्लग लावताना अर्थिंग, म्हणजे उपकरणाच्या पत्र्याची जमिनीशी जोडणी, सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. आमच्याकडे ते जोडलेच जात नव्हते, त्यामुळे फ्रिजच्या पत्र्यावर उतरलेल्या करंटला जमिनीत जायला आमच्याखेरीज वाट नव्हती, आणि चपलेच्या कोरड्या तळव्यावर आमचा सगळा भरवसा होता.

अर्थिंग जोडले, फ्रिज दुरुस्त झाला, आरसीसीबी बसली. नंतर आठवडाभर ती रोज सकाळी पडू लागली, तेव्हा "कटकट आहे, काढून टाका" असा सल्ला घरातून आणि शेजारूनही मिळाला. एकेक उपकरण बंद करून पाहिल्यावर दोष सापडला तो गिझरच्या कॉइलमध्ये. म्हणजे त्याआधी रोज आम्ही त्याच पाण्याखाली उभे राहून आंघोळ करत होतो, आणि तेव्हा पायांत चप्पलही नसे.