टी-शर्ट महाग आणि एक्सएल संपला, या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार, कॉन्सर्टमधल्या आमच्या बँड टी-शर्टच्या स्टॉलला दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की हॉलबाहेर तोच टी-शर्ट निम्म्या किमतीत होता, एक्सएल मेन बँड यायच्या आधीच संपला, आणि शो सुटल्यावर स्टॉलवर काम करणारा आमचा उर्मट मुलगा गिऱ्हाईक सोडून माल मोजत बसला होता. एवढं रांगेत थांबून हात हलवत परत जावं लागलं, राग येणारच. पण बाहेरचा शर्ट "तोच" नव्हता, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेटबाहेर विकतात तो डुप्लिकेट माल असतो, त्यातलं बँडला काहीच मिळत नाही, डिझाइन काढणाऱ्यालाही नाही. आमच्या किमतीत कापड, छपाई, गाडीभाडं आहेच, वर बरेच हॉलवाले विक्रीतला हिस्सा घेतात, कपड्यांवर १५ ते २५ टक्के सर्रास आणि सीडी-रेकॉर्डवर सहसा कमी, आणि हा कट नफ्यावर नाही तर विक्रीवर लागतो म्हणजे आमचा खर्च सुटला की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ब्रिटनमध्ये तर २०२२ मध्ये कलाकारांच्या संघटनेने कट न घेणाऱ्या हॉलची यादीच काढली, इतका हा विषय बँडच्या जिव्हाळ्याचा आहे. छोट्या बँडचा पुढच्या गावापर्यंतचा डिझेलचा खर्च कित्येकदा या टेबलावरूनच निघतो हो.

मोजणीचंही तेच. शोआधी नग मोजून टेबलावर लावायचे, शो झाल्यावर उरलेले मोजायचे, फरक म्हणजे विक्री, त्यावर हॉलचा हिशोब. मोजणी सुरू झाल्यावर एक शर्ट जरी हलला तरी आकडा जुळत नाही आणि फरक आमच्या अंगावर येतो. त्या मुलाला उर्मट म्हणालात ते मला अजिबात पटलं नाही, तो त्याचं काम नीट करत होता.

राहिला एक्सएल. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये डिझाइनमधल्या प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन बनते, ती दहा शर्टांसाठी बनवा नाहीतर पाचशे, खर्च तोच, म्हणून अख्ख्या टूरचा लॉट एकदम छापतो आणि साइज अंदाजाने ठरवतो, मीडियम-लार्ज जास्त, बाकी कमी. मधेच थोडे छापायचे तर परवडत नाही, जास्तीचे छापले तर पडून राहतात.

तुम्हाला हवाच असेल तर इथेच मेसेज करा, पुढच्या लॉटमधला एक एक्सएल बाजूला काढून ठेवतो. आणि पुढच्या शोला दारं उघडल्या उघडल्या आधी स्टॉलवर या, घेतलेला शर्ट नावाची चिठ्ठी लावून शो संपेपर्यंत आमच्याकडेच ठेवता येईल.