‘फ्लॅश गॉर्डन’ला हसण्याआधी

‘डोके घरी ठेवून बघायचा सिनेमा’ ही आपल्याकडची फार सोयीची वर्गवारी आहे आणि १९८० सालच्या ‘फ्लॅश गॉर्डन’ या अंतराळपटाची रवानगी हमखास तिच्यात होते. माझे म्हणणे बरोबर उलटे आहे. डोके घरी ठेवून हा चित्रपट पाहिला तर दोन तास भडक रंग आणि आरडाओरडा यांपलीकडे काही पदरात पडत नाही. त्याची सगळी गंमत तपशिलात आहे आणि तपशील टिपायला डोके सोबत असावे लागते.

सुरुवातच पाहा. विश्वाचा सम्राट मिंग कंटाळला आहे. त्याचा सरदार क्लायटस त्याच्या करमणुकीसाठी कुठल्याशा कोपऱ्यातला एक ग्रह शोधून काढतो, ज्याचे रहिवासी त्याला पृथ्वी म्हणतात. मिंग समोरच्या यंत्राची बटणे दाबून त्या ग्रहावर एकेक संकट सोडू लागतो. प्रत्येक बटणावर संकटाचे नाव स्वच्छ इंग्रजीत छापलेले आहे आणि भूकंप, वादळ अशा परिचित नावांच्या पंक्तीत एक बटण चक्क तप्त गारांचे आहे. परग्रहावर इंग्रजी कशी पोचली हा प्रश्न सोडून देऊ, पण एखाद्या साम्राज्याला तप्त गारा पाडण्याची निकड इतक्या वेळा भासत असेल का, की त्यासाठी वेगळे बटण बसवून घ्यावे? हा विचार मनात येतो, पण मिंग मात्र ते बटण अशा गंभीर चेहऱ्याने दाबतो की हसावे की घाबरावे ते कळत नाही.

तो चेहरा मॅक्स फॉन सिडो यांचा आहे, म्हणजे स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या १९५७ सालच्या चित्रपटात प्रत्यक्ष मृत्यूशी बुद्धिबळ खेळलेल्या नटाचा. अशा चित्रपटांविषयी पहिला गैरसमज हाच असतो की ते अडाणी माणसांनी केलेले असतात. इथे दिग्दर्शक माइक हॉजेस आहेत, ज्यांनी १९७१ मध्ये ‘गेट कार्टर’सारखा कोरडा, निर्दय गुन्हेपट केला होता. छायालेखक गिल्बर्ट टेलर यांनी त्याआधी कुब्रिकचा ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ आणि पहिला ‘स्टार वॉर्स’ चित्रित केला होता. नेपथ्य आणि वेशभूषा सांभाळणारे दानिलो दोनाती वेशभूषेची दोन ऑस्कर मिळवून बसलेले होते. दरबारातले लाल-सोनेरी झगे पाहिले की पैसा आणि कारागिरी कुठे गेली ते दिसतेच.

‘स्टार वॉर्स’चा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. फ्लॅश गॉर्डनची चित्रमालिका अ‍ॅलेक्स रेमंड यांनी १९३४ मध्ये सुरू केली, १९३६ मध्ये तिच्यावर तेरा भागांची पडद्यावरची मालिका निघाली आणि इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ, मॅन्ड्रेक यांच्या जोडीने हा गडी आपल्याकडच्याही एका पिढीच्या ओळखीचा झाला. जॉर्ज लुकस यांना याच मालिकेवर चित्रपट काढायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचे विश्व रचले. मग १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नंतर तीन वर्षांनी खरा फ्लॅश पडद्यावर आला, तेव्हा त्याच्याकडे नवलाईचे असे काही उरले नव्हते. नातवाची नक्कल केल्याचा आळ आजोबांवर यावा, तशातली ही गत.

‘इतका वाईट की छान’ या आवडीचे नेहमीचे स्पष्टीकरण चित्रपट काढणाऱ्यांच्या भाबडेपणाचे असते. अमेरिकन लेखिका सुझन सोंटाग यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ‘कॅम्प’चे, म्हणजे भडक अतिरंजनातून येणाऱ्या गमतीचे, अजाणतेपणी घडलेला आणि जाणूनबुजून घडवलेला असे दोन प्रकार मानले आणि अस्सलपणाचा मान पहिल्याला दिला. १९५३ च्या ‘रोबॉट मॉन्स्टर’ला हे चपखल लागू पडते. तिथे यंत्रमानव म्हणून गोरिलाच्या केसाळ पोशाखात एक माणूस फिरतो आणि त्याच्या डोक्यावर अंतराळवीरासारखे शिरस्त्राण असते. दिग्दर्शक एड वुडच्या ‘प्लॅन नाइन’ची तऱ्हा तशीच. त्यातले नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारले, हाताशी त्यांचे थोडेसेच चित्रीकरण होते, म्हणून उरलेल्या दृश्यांत दुसराच माणूस झग्याने तोंड झाकून वावरतो. त्या माणसाला पाहून हसू येतेच, पण काहीही करून चित्रपट पुरा करण्याच्या त्या जिद्दीचे मला कौतुकही वाटते.

‘फ्लॅश गॉर्डन’ मात्र या चौकटीत बसत नाही. त्याची पटकथा लिहिणारे लोरेन्झो सेंपल हे १९६६ च्या दूरचित्रवाणीवरच्या ‘बॅटमॅन’चे लेखक, आपण काय लिहितो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. मिंग आणि फ्लॅशची प्रेयसी डेल आर्डन यांच्या लग्नाचा प्रसंगच घ्या. पुरोहित मिंगला विचारतो की वधूचा कंटाळा येईपर्यंत तिला अंतराळात भिरकावून देणार नाहीस ना, आणि मिंग शांतपणे होकार देतो. बाहेर आकाशात फलक मिरवत नेला जातो की सर्व प्राण्यांनी आनंद करावा, आणि त्यामागोमाग पुढची ओळ येते, अन्यथा देहदंड. हे काही चुकून घडलेले नाही. लेखकाला विनोद माहीत आहे, पण पात्रांना तो माहीत नाही, आणि या चित्रपटाची खरी ताकद मला यातच दिसते. पंख लावलेल्या ससाणामाणसांचा राजा झालेले ब्रायन ब्लेस्ड ‘गॉर्डन जिवंत आहे?’ असे गरजतात ते रंगभूमीवरच्या मुरलेल्या नटाच्या पूर्ण ताकदीने. एकही नट प्रेक्षकाकडे वळून डोळा मारत नाही. २०१३ च्या ‘शार्कनाडो’पासून मुद्दाम वाईट काढलेल्या चित्रपटांची जी रांग लागली, ती मला कंटाळवाणी वाटते ती याचमुळे. तिथे प्रत्येक जण आधीच सांगून मोकळा होतो की आमचे मनावर घेऊ नका. मग प्रेक्षकाने तरी का घ्यावे?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे संगीत हाही त्याच निष्ठेचा भाग आहे. दरबारात फ्लॅश अंड्याच्या आकाराची वस्तू बगलेत मारून मिंगच्या सैनिकांना अमेरिकन फुटबॉलच्या डावपेचांनी लोळवतो आणि डेल कडेला उभी राहून संघाला चेव आणावा तशी ओरडते. इतक्या बाष्कळ प्रसंगासाठी वाजणारी धून फ्रेडी मर्क्युरीची आहे, म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारुख बलसाराची, आणि ती जीव ओतून केलेली आहे. शीर्षकगीत क्वीनचेच गिटारवादक ब्रायन मे यांचे. (त्यांनी पुढे २००७ मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली, मिंगच्या मोंगो ग्रहाविषयी त्यांचे शास्त्रीय मत ऐकायला मला आवडेल.)

सगळेच गोड मानून घेता येत नाही. लांब नखांचा, मिशा खाली सोडलेला मिंग हे १९३० च्या दशकातल्या अमेरिकेने रंगवलेले ‘क्रूर पौर्वात्य’ माणसाचे चित्र आहे आणि एका स्वीडिश नटाला रंगवून ते १९८० मध्येही जसेच्या तसे ठेवले गेले. मिंग हा या चित्रपटातला सर्वांत लक्षात राहणारा माणूस आहे, त्यामुळे ही खोट कडेला सारता येत नाही. नायक सॅम जोन्सचे तर बरेचसे संवादही दुसऱ्याच्या आवाजात आहेत, कारण चित्रीकरणानंतरच्या कामाला तो मतभेदांमुळे थांबला नाही. त्यामुळे स्वतःच्याच नावाचा टी-शर्ट घालणारा हा गडी आणखीच चित्रमालिकेतून कापून चिकटवल्यासारखा वाटतो. ते मात्र चित्रपटाच्या पथ्यावर पडले आहे.

शेवटी मिंगची अंगठी कोणीतरी उचलते, हसणे ऐकू येते आणि ‘समाप्त’पुढे प्रश्नचिन्ह उमटते. दुसरा भाग आला नाही. आला असता तर पहिला भाग लोकांना का आवडला हे ठाऊक असलेल्या माणसांनी तो काढला असता, म्हणून मला त्याची हळहळ वाटत नाही.