इस्लामी पक्षाचं उपाध्यक्षपद हवंय? अर्ज भरण्यापूर्वी हे वाचा

तुम्ही ख्रिस्ती आहात, नावामागे डॉक्टरेट आहे, पाच-सात ग्रंथ लिहून झालेत, आणि तरी राजकारणात कुणी हिंग लावून विचारत नाही? मग कैरोची वाट धरा. डॉ. रफीक हबीब यांनी ती मळून ठेवली आहे. २०११ साली मुस्लिम ब्रदरहूड या इजिप्तमधल्या इस्लामी संघटनेने ‘फ्रीडम अँड जस्टिस’ नावाचा पक्ष काढला, तेव्हा त्याच्या उपाध्यक्षांत हे गृहस्थ होते. इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती.

सुरुवात जन्मापासून करा. हबीब यांचे वडील, रेव्हरंड सॅम्युएल हबीब, इजिप्तमधल्या इव्हँजेलिकल पंथाचे प्रमुख होते. तिथल्या ख्रिस्त्यांना कॉप्ट म्हणतात आणि त्यांतले बहुतेक कॉप्टिक ऑर्थोडॉक्स पंथाचे, म्हणजे हे अल्पसंख्याकांतले अल्पसंख्याक. याचं वाईट वाटून घेऊ नका, ही तर जमेची बाजू! ज्याच्या मागे मतं नाहीत तो पक्षाकडे काही मागत नाही, आणि फोटोत तर सगळेच सारखे दिसतात.

मग एक सिद्धांत लागेल. अरब-इस्लामी संस्कृती एकट्या मुसलमानांची नव्हे, कॉप्टांनीही ती घडवली. खरी आफत आहे ती पश्चिमेकडून आणलेल्या सेक्युलर राज्याची. हबीब हे वर्षानुवर्षं मांडत आले, आणि मनापासून मांडत आले, एवढं मान्य करावंच लागेल. संधिसाधू असते तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्या पक्षात गेले असते. मलिदा तिथे होता. १९९६ मध्ये ब्रदरहूडमधून फुटलेल्या तरुण मंडळींनी ‘वसत’ पक्ष काढायचं ठरवलं, तेव्हाही हबीब संस्थापकांत होते. त्या पक्षाचे म्होरके अबुल-इला मादी यांच्या वाट्याला मान्यतेऐवजी लष्करी न्यायालय आलं. मान्यता मिळाली ती मुबारक गेल्यावर, २०११ च्या फेब्रुवारीत. तेव्हा आधी घर सोडून गेलेल्या पोरांच्या पंगतीला बसा आणि पंधरा वर्षांनी थोरल्या वाड्यात पाटावर. यजमान मंडळी मागचं काढत नाहीत, कारण आता त्यांना तुमची गरज असते.

गरज कसली? तर ब्रदरहूडने २००७ मध्ये पक्षाच्या कार्यक्रमाचा मसुदा फिरवला होता. त्यात म्हटलं होतं की राष्ट्राध्यक्षपद बाईला नको आणि कॉप्टालाही नको. एवढं छापून झाल्यावर ‘आम्ही सर्वांचे’ हे जगाला पटवायचं तर काही पुरावा नको का? नव्या पक्षाच्या जवळपास नऊ हजार संस्थापक सदस्यांत कॉप्ट शंभराच्या आत होते. हा आकडा फडकावायला अपुरा पडतो. अशा वेळी पाद्रीबुवांचा मुलगा उपाध्यक्षाच्या खुर्चीवर असला की बरं पडतं. पत्रकाराने ‘कॉप्टांचं काय?’ असं विचारलं की प्रवक्त्याने नुसतं खुर्चीकडे बोट दाखवायचं. (आपल्याकडच्या पक्षांच्या अल्पसंख्याक आघाड्या पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.)

पद मिळाल्यावर एक पथ्य पाळा: कशात विचारलं जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. २०१२ मध्ये मोहम्मद मोर्सी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या सल्लागार मंडळातही हबीब यांची वर्णी लागली. शिवाय समीर मोरकोस हे दुसरे कॉप्ट विचारवंत थेट राष्ट्राध्यक्षांचे सहायक झाले. खातं कुठलं, तर लोकशाही संक्रमण! मग २२ नोव्हेंबरला मोर्सींनी जाहीरनामा काढला: राज्यघटना होईपर्यंत माझ्या निर्णयांवर न्यायालयाने बोलायचं नाही. लोकशाही संक्रमणाच्या सहायकाला याचा पत्ताच नव्हता. मोरकोस यांनी तडक राजीनामा दिला.

नवी राज्यघटना लिहिणाऱ्या समितीतून चर्चचे प्रतिनिधी त्याच महिन्यात बाहेर पडले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला हबीब यांनीही राजकारणातून अंग काढून घेतलं आणि आपण पुन्हा संशोधनाकडे वळत असल्याचं जाहीर केलं. हा भाग मात्र जरूर गिरवा. शिव्याशाप नाहीत, दारं आपटणं नाही. विद्वानाने ग्रंथालयात जावं, तसे ते गेले. घटनेचं काही अडलं नाही. महिनाअखेर सुमारे ६४ टक्के मतांनी ती मंजूर झाली.

आता तुमची शंका: ब्रदरहूडचं राज्य गेल्यावर या कौशल्याला मागणी राहील का? अहो, भरपूर! ३ जुलै २०१३ च्या रात्री लष्करप्रमुख जनरल सीसींनी मोर्सींना हटवल्याचं टीव्हीवर सांगितलं, तेव्हा मंचावर अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख शेख होते आणि कॉप्टिक पोप तवाद्रोस दुसरेही होते. पुढच्याच महिन्यात सुरक्षा दलांनी कैरोतल्या रबाच्या चौकात ब्रदरहूडच्या शेकडो लोकांना मारलं, आणि त्याचा सूड म्हणून जमावांनी डझनांनी चर्चेस जाळली. ती ज्या वस्त्यांत जळली, तिथल्या बहुतेकांना पोपशेजारची खुर्ची सोडा, साध्या सदस्यत्वाचा अर्जही कुणी दिला नव्हता. तुम्ही मात्र बायोडाटा तयार ठेवा, आणि त्यात कुठल्या पक्षासाठी हे लिहायची जागा तेवढी मोकळी सोडा.