डायरी लिहा म्हणे!

मध्यंतरी एकदा लोणावळा लोकलच्या लेडीज डब्यात माझी खाजगी डायरी देहूरोड ते शिवाजीनगर जाहीर वाचली गेली. वाचली ते वाचली, वर निकाल माझ्या विरोधात लागला. अजून डोकं तडतडतंय.

डायरीचं खूळ ऑफिसातलं. जानेवारीत एक तणावमुक्तीवाले सर आले, दोन तास बोलले, प्रत्येकीला एक जाड वही दिली आणि सांगितलं की पहाटे घरातल्या शांत कोपऱ्यात बसून दहा मिनिटं मनातलं उतरवा, २१ दिवसांत सवय लागते बघा.

ह्या २१ दिवसांचं मूळ मी शोधून काढलं, कारण चिडलेल्या माणसाला वेळ बरोबर मिळतो. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं की नाकबिक बदललं की पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस तरी जातात. पुढच्या लोकांनी त्यातलं 'किमान' गाळलं, नाक गाळलं, आणि उरलेलं आमच्या ऑफिसात पाठवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजवाल्यांनी ९६ जण घेऊन नीट मोजलं तेव्हा सरासरी ६६ दिवस आली, तीही कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४ अशी. आणि त्या लोकांना करायचं काय होतं, तर जेवणाबरोबर एखादं फळ खायचं, पाणी प्यायचं, नाहीतर जरा पळून यायचं. नणंदेबद्दल लिहिताना नणंद दारात उभी असणे ही परिस्थिती त्यांनी तपासलेली दिसत नाही.

बरं, शांत कोपरा. आमचं वन बीएचके आहे. चार कोपऱ्यांपैकी एकात इस्त्रीचे कपडे, एकात सिलिंडर, एकात मुलाची सायकल आणि चौथ्यात सासूबाई. नवरा सकाळी पेपर घेऊन तासभर बसला तर तो पेपर वाचत असतो, त्याला कोणी काही विचारत नाही. मी पेन घेऊन पाच मिनिटं बसले की नवरा म्हणतो बरं नाही का, मुलगा म्हणतो आई रेसिपी लिहितेयस का, सासूबाई काहीच म्हणत नाहीत पण आतून भांडी जरा जोरात वाजतात. बाईमाणूस घरात नुसतं बसून लिहितंय म्हणजे काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्या सरांच्या घरी शांत कोपरा असेल, कारण दुसऱ्या कोपऱ्यात त्यांचा चहा कोणीतरी करत असेल.

म्हणून मी लोकल निवडली. तळेगावला चढलं की त्या गाडीला बहुतेक बसायला मिळतं, आणि शिवाजीनगरपर्यंत आपल्याला कोणी हाक मारत नाही असा माझा समज होता. त्या दिवशी लिहीत होते: 'रविवारी नणंद आली. दिवाळीत नेलेलं मिक्सरचं चटणीचं भांडं दिलं. झाकण नाही. विचारलं तर म्हणे, कुठलं झाकण? मला खूप एकटं वाटलं.'

"मग तुम्ही काय म्हणालात?"

शेजारच्या काकू. मला वाटलं फोनवर बोलतायत, मी लिहीत राहिले.

"नाही, हे इथे 'कुठलं झाकण' नंतर एकदम 'एकटं वाटलं' आलंय. मधलं काय?"

"काकू, ही डायरी आहे माझी."

"हो, दिसतंय की. तारीख नाही घातलीत."

मी तारीख घातली. का घातली ते मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात समोर लसूण सोलत बसलेल्या बाईंनी मान वर केली तर काकूंनी त्यांना थोडक्यात माहिती पुरवली, "ह्यांच्या वन्संनी झाकण ठेवून घेतलंय." लसूणबाई म्हणाल्या, ठेवून कशाला घेतील, हरवलं असेल. खिडकीतल्या मुलीने एका कानातला इअरफोन काढून विचारलं कुठल्या कंपनीचं. मागून कुणीतरी, जिचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही, म्हणाली की बोहरी आळीत सुटं मिळतं, ऐंशीच्या वर देऊ नका. आकुर्डी येईपर्यंत माझ्या मनातलं जे काय खोल खोल होतं त्याची किंमत ऐंशी रुपये ठरलेली होती.

काकू मात्र सोडायला तयार नाहीत.

"भांडं दिलंत तेव्हा झाकण होतं, हे कोणी बघितलंय?"

"मी."

"तुमच्याशिवाय?"

"अहो काकू, माझ्याच हाताने..."

"दिवाळीत दिलंत, आणि मागताय आत्ता. मधे चार महिने काय करत होतात?"

"भांडंच नव्हतं ना माझ्याकडे!"

"म्हणजे झाकणाची गरज पडलीच नाही," काकू लसूणबाईंकडे बघून म्हणाल्या आणि लसूणबाईंनी चक्क मान डोलावली.

खडकीला उलगडा झाला. काकू शिवाजीनगर कोर्टात आहेत, तीसेक वर्षं नोकरी झालीय, निवृत्ती जवळ आलीय. उतरण्यासाठी उठताना पदर खोचत त्यांनी शेवटचं सांगितलं, "एकतर्फी लिहिलंय सगळं. नणंदेची बाजू कुठेय?" अहो, डायरीत! माझ्या! नणंदेची बाजू हवी असेल तर नणंदेनं वही आणावी ना स्वतःची.

सगळ्यात चीड ह्याची आली की काकू स्वतः रोज डायरी लिहितात, आणि लग्न झाल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. दुसऱ्या दिवशी पर्समधून काढून दाखवली. फुकट मिळणारी, पानावर मोठी तारीख छापलेली. 'सिलिंडर लावला.' 'बाईचा खाडा.' 'दूध अर्धा लि. जास्त, पाहुणे.' जुन्या एका वहीचं फाटकं पान आत ठेवलं होतं, श्राद्धाची तिथी बघायला लागते म्हणून. त्यावर: 'पहाटे ४ ला मामंजी गेले.' आणि खाली त्याच पेनाने, 'दूध नको सांगितले.'

मी विचारलं, मनातलं नाही लिहीत? तर म्हणाल्या, "मनातलं कशाला लिहायचं, ते लक्षात राहतंच की. सिलिंडर राहत नाही."

तसं बघितलं तर आपल्याकडे रोजनिशी म्हणजे हेच. पेशव्यांच्या दफ्तरातल्या रोजकीर्दी बघा, आज कुणाला किती दिले, काय हुकूम सुटला, संपलं. 'आज दरबारात खूप एकटं वाटलं' असं लिहायला कारकून बसवला नव्हता कोणी.

मनातलं लिहून टिकवलं ते त्या लंडनच्या सॅम्युएल पीप्सने. १६६० ते १६६९, सलग. १६६६ मध्ये अख्खं लंडन पेटलेलं असताना ह्या गृहस्थाने बागेत खड्डा खणून आपली वाईन आणि पार्मेझान चीज पुरलं आणि तसं लिहूनही ठेवलं. त्याला कोणी विचारलं का, चीज केवढ्याचं? साक्षीदार कोण? नाही, कारण तो शॉर्टहँडमध्ये लिहायचा, शेजारच्याला कळायची सोयच नव्हती. मी म्हटलं आपणही मोडी शिकावी, झोकात शेजाऱ्यासमोर लिहावं. काकूंजवळ सहज बोलले तर म्हणाल्या, "शिका की, सोपी आहे. जुने दस्त मोडीतच असतात, मला लागते थोडी थोडी." ह्या बाईपासून सुटका नाही.

आणि आता तर डब्यात वाट बघतात. मी वही काढली नाही की लसूणबाई म्हणतात, आज काही झालं नाही वाटतं घरी? एकदा खरंच काही झालं नव्हतं, तर मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी सासूबाईंशी एक किरकोळ भांडण रचून लिहिलं. काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे बनावट वाटतंय." तीस वर्षं कोर्टात काढलेली बाई, तिला काय फसवणार.

शेवटी मोबाईलवर डायरीचं ॲप घेतलं. पासवर्ड वगैरे, अक्षर बारीक, स्क्रीन अंधूक, बाजूने काही दिसत नाही. आठवडाभर छान लिहिलं, झाकणाचं प्रकरण पहिल्यापासून, माझ्या बाजूने, अगदी मुद्देसूद. काल उघडलं तर म्हणतंय फुकटची मुदत संपली, जुन्या नोंदी वाचायच्या तर महिन्याला १६० रुपये भरा. म्हणजे झाकण माझं, नणंद माझी, मनस्ताप माझा, आणि तो वाचायला पैसेही मीच द्यायचे. नवऱ्याला दाखवलं. त्याने पेपरमधून डोकं वर काढलं, आकडा बघितला आणि म्हणाला, "एवढ्यात दोन झाकणं आली असती."