कंपनीचे नाव नव्हे, इंजिनाची रचना पाहा

स्पोर्ट मोटारसायकल घ्यायची म्हटले, की साताऱ्यात निकाल आधीच तयार असतो: यामाहा डोळे झाकून घ्यावी, कावासाकीच्या दोन सिलिंडरांना मरण नाही आणि केटीएमच्या वाटेला जाऊ नये. या निकालात अनुभवाचा अंश नक्कीच आहे. पण तो कंपनीच्या खात्यावर मांडला जातो, तो इंजिनाच्या रचनेच्या खात्यावर मांडायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिनावरचा ताण जोखण्याचे एक माप म्हणजे कमाल शक्तीच्या वेळी पिस्टनचा सरासरी वेग. कावासाकीच्या निन्जा 300 चा स्ट्रोक (पिस्टनच्या वर-खाली धावण्याची लांबी) 49 मिमी आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला 11,000. केटीएमच्या 2022 च्या आरसी 390 चा स्ट्रोक 60 मिमी आणि फेरे 9,000. हिशेब केला, तर दोन्हींचे उत्तर सेकंदाला 18 मीटरच्या आसपासच येते. जिच्या टिकाऊपणाची सगळे ग्वाही देतात, त्या यामाहाच्या 155 सीसी आर15 मध्ये मात्र ते साडेएकोणीस मीटरपर्यंत जाते. दोष या वेगाचाच असता, तर सर्वांत आधी आर15 चे इंजिन बसायला हवे होते.

खरा फरक पिस्टनच्या आकारात आहे. आरसीचा एकुलता एक पिस्टन 89 मिमी व्यासाचा, तर निन्जाचे दोन प्रत्येकी 62 मिमीचे. मोठा पिस्टन जड असतो, थरथर कमी करणारा बॅलन्सर असूनही ती जाणवते आणि 373 सीसीची सगळी उष्णता एकाच हेडमधून (सिलिंडरच्या माथ्यावरच्या भागातून) बाहेर काढावी लागते. मे महिन्यातल्या रविवारी पसरणीचा घाट तुंबलेला असताना पहिल्या गिअरमध्ये रेंगाळणारी आरसी पाहावी: रेडिएटरचा पंखा थांबायचे नाव घेत नाही आणि गरम झोत थेट नडग्यांवर येतो. अशा वेळी इंजिन थंड ठेवणारे कूलंट कमी असेल, तर हेड आणि सिलिंडर यांच्यामधल्या हेड गॅस्केटचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मात्र तो दोष कारखान्याचा की मालकाचा, हे कोणी विचारत नाही.

खर्चिक आणि बेभरवशाची यांतही आपण गल्लत करतो. डुकाटीच्या पानिगाले व्ही4 मध्ये व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) उघडायलाच नव्हे, तर बंद करायलाही वेगळा रॉकर (झडप हलवणारा दांडा) असतो, म्हणून 24,000 किमीवर त्याची बारकाईने तपासणी करावी लागते. ती महाग असते, पण त्यामुळे डुकाटी तकलादू ठरत नाही. त्याच कंपनीने मल्टिस्ट्राडा व्ही4 ला साध्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह दिले आणि तपासणी थेट 60,000 किमीवर नेली.

आपल्याकडचा मुद्दा मात्र हत्यारांचा आहे. महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ ज्या साताऱ्यात तयार होत असे, तिथे चांगल्या मिस्त्रींची वाण कधीच नव्हती. पण आर15 चे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पाना आणि फट मोजणारी फीलर गेज घेऊन लावता येतात, तर निन्जा आणि आरसी या दोन्हींना फट मोजून शिम (ती फट ठरवणाऱ्या बारीक चकत्या) बदलाव्या लागतात आणि हव्या त्या जाडीची शिम हाताशी नसली, की काम पुढे ढकलले जाते. आर15 च्या लौकिकात या सोयीचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते. म्हणून जुनी आरसी किंवा निन्जा पाहायला जाणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्याआधी शिम शेवटच्या कधी मोजल्या, हे विचारावे आणि त्याचे बिलही मागावे.